उकळतं दूध, उकळलेलं दूध

यमुना शेलार लखनौला आली तेव्हा तिला हिंदी बोलता येत नव्हतं. चार वर्षांत ते जमायला लागलं, आणि नेमक्या त्याच सुमाराला तिच्याशी मराठी बोलणारा माणूस घरातून निघून गेला.

तो माणूस म्हणजे तिचा नवरा जगदीश. फौजेच्या इंजिनिअर पलटणीत हवालदार. दोघंही सातारा जिल्ह्यातले, दहिवडीच्या बाजूचे. लखनौच्या छावणीत बदली झाली म्हणून त्यानं बायकोला आणि मुलीला, दीप्तीला, इकडं आणलं होतं. १९९४च्या हिवाळ्यात पलटण काश्मीरला हलली. तिथं कुटुंब नेता येत नाही. यमुनाला गावाकडं जायचं होतं. जगदीश म्हणाला, "दीप्तीची शाळा चांगली चाललीय. तिकडं नेलीस तर सातवीच्या पुढं कुठं घालणार तिला? थोडं काढ. मी येतोय की रजेला."

ती राहिली. नवरे सीमेवर गेलेल्या बायकामुलांसाठी छावणीत वेगळी वसाहत होती, तिथं दोन खोल्या मिळाल्या. फाटकावर इंग्रजी पाटी होती: सेपरेटेड फॅमिली क्वार्टर्स. शेजारणी कुणी गढवालच्या, कुणी पंजाबच्या, एक तामिळ. सगळ्या जीव लावणाऱ्या. आजारपणात एकमेकींच्या घरचा डबा जायचा. पण बोलणं सगळं हिंदीतून, तेही ज्याच्या त्याच्या पद्धतीचं. 'वाईच थांब' किंवा 'कोरड्यास केलंय' असं गावाकडचं काही घराबाहेर यमुनाच्या तोंडून कित्येक महिन्यांत निघालं नव्हतं. दीप्तीशी ती मराठीच बोलायची. पोरीला सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

"दीप्ते, दोन घास खाऊन जा."

"भूख नहीं है, आई. देर हो रही है."

दार लागलं की घर गप्प व्हायचं. भांडी झाली, धुणं झालं, की दुपार समोर पसरलेली असायची. जगदीशचा एक जाड करडा स्वेटर खुंटीवर राहिला होता. जायच्या दिवशी त्यानं काढून ठेवलेला. यमुनानं तो धुतला नाही. धुतला तर त्याचा वास जाईल, म्हणून. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. जगदीशला सांगायचं होतं.

रविवारी सकाळी ती सदर बाजारातल्या हरिहरजींच्या टेलिफोन बूथवर जाऊन बसायची. तिकडं जगदीशला जमलं तर तो बूथच्या नंबरावर फोन करायचा. कधी जमायचं, कधी ती दुपारपर्यंत बसून परत यायची. लाइन वाईट असल्यानं बाकीचे लोक रिसीव्हरमध्ये ओरडायचे. जगदीश मात्र जन्माचा हळू बोलणारा. मोठ्यानं बोला म्हटलं तरी त्याला जमायचं नाही. यमुना एका कानात बोट घालायची, दुसऱ्या कानाला रिसीव्हर दाबून धरायची आणि डोळे मिटायची.

"जेवलीस का?"

"अहो, सकाळचे नऊ वाजलेत."

"बरं, मग जेव." आणि तो हसायचा. तेही हळूच.

ती काही सांगायला घ्यायची तोवर त्याच्या मागं रांगेतला कुणीतरी घाई करायचा. "आल्यावर बोलू," तो म्हणायचा. असं पुष्कळ काही आल्यावर बोलायचं म्हणून साठत गेलं.

वसाहतीतल्या बायकांना कळलं की छावणीतल्या बालवाडीत एक सहायक शिक्षिका घेणार आहेत. यमुना बारावी झालेली होती. डी.एड. करायचं तिच्या मनात होतं, तेवढ्यात लग्न झालं. ती बालवाडीत विचारायला गेली. मुख्याध्यापिका भल्या होत्या. म्हणाल्या, जागा उन्हाळ्यानंतर भरू, पण मुलांशी थोडं इंग्रजी बोलावं लागेल. शेजारच्या पंजाबी भाभीनं पत्ता दिला: निशातगंजमध्ये चंद्रप्रभा श्रीवास्तव नावाच्या मॅडम आहेत, मुलींच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या, दुपारी घरी शिकवतात.

तीनचाकी शेअर टेम्पो बदलत यमुना निशातगंजला जायला लागली. मॅडमच्या पुढच्या खोलीत लाकडी पलंगासारखं एक तख्त, त्यावर मॅडम, आणि समोर सतरंजीवर पाच-सहा मुली. कुणाला बँकेची परीक्षा द्यायची होती, कुणाला हॉटेलात रिसेप्शनवर बसायचं होतं. यमुना सगळ्यांत मोठी. मॅडम सगळ्यांनाच 'आप' म्हणायच्या, शाळकरी पोरीलासुद्धा. तिला त्या 'यमुना जी' म्हणाल्या तेव्हा ती दचकलीच. गावाकडं ती यमी होती, छावणीत शेलार भाभी.

एकदा मॅडमनी प्रत्येकीला स्वतःबद्दल एक वाक्य घरून तयार करून आणायला सांगितलं. इथं फार कंटाळा येतो, हे सांगायला यमुनानं रात्रभर जुळवलेलं वाक्य म्हटलं, "आय ॲम व्हेरी बोअरिंग इन लखनौ."

मुली हसल्या. यमुनाला कशाला हसल्या ते कळलं नाही, त्यामुळं ती जास्तच लाल झाली.

"हँसिए मत," मॅडम मुलींना म्हणाल्या. मग तिच्याकडं वळून, "यमुना जी, आपने कहा कि आप उबाऊ हैं. ऐसा बिल्कुल नहीं है. उबाऊ तो शहर होगा, उसकी दोपहर होगी. आप ऊबी हुई हैं. बोरिंग शहर, बोर्ड आप."

त्यांनी फळ्यावर दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं प्रेझेंट पार्टिसिपल, दुसऱ्यावर पास्ट पार्टिसिपल. टूटता हुआ, टूटा हुआ. गिरता हुआ, गिरा हुआ. बाकीच्या मुली माना हलवत होत्या. यमुनाला दोन्हीकडं फक्त 'हुआ' ऐकू येत होतं. हिंदी तिनं बाजारात शिकलेली. भाजीवाल्याशी बोलताना 'ता' आणि 'टा'कडं इतकं बारीक लक्ष द्यायची वेळ कधी आली नव्हती. तिनं सगळं उतरवून घेतलं आणि उद्यापासून यायचं नाही असं मनाशी ठरवलं.

तेवढ्यात आतून करपल्यासारखा वास आला. "अरे, दूध!" मॅडम म्हणाल्या, पण गुडघे धरून त्या तख्तावरून उतरेपर्यंत यमुना स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा. तिनं गॅस बारीक केला, फडक्यानं कड पुसली. मॅडम मागून आल्या. पातेल्यात दूध अजून वर-खाली होत होतं.

"इसे मराठी में क्या कहेंगी आप?" मॅडमनी विचारलं.

"दूध ही बोलते हैं, मैडम."

"नहीं, ये जो हो रहा है. कैसा दूध?"

यमुनानं पातेल्याकडं पाहिलं. "उकळतं दूध."

मॅडमनी हात पुढं करून गॅस बंद केला. दोघी तिथंच उभ्या राहिल्या. बुडबुडे बसले, दूध खाली गेलं, वर पातळ साय धरायला लागली.

"और अब?"

"उकळलेलं दूध."

मॅडमनी दोन्ही शब्द म्हणून पाहिले. 'ळ' काही त्यांना जमला नाही, दोनदा जीभ अडकली, त्या स्वतःच हसल्या. "बस, यही है. बॉइलिंग मिल्क, बॉइल्ड मिल्क. ये चीज़ तो आपके घर में पहले से रखी है, यमुना जी. हम क्या सिखाएँगे आपको."

यमुनाच्या डोळ्यांत पाणी आलं. व्याकरण समजलं म्हणून नव्हे. लखनौत आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिला मराठी शब्द विचारला होता.

त्या दिवसापासून ती सुसाट सुटली. पडतं पान, पडलेलं पान: फॉलिंग, फॉलन. दमवणारा प्रवास, दमलेली बाई: टायरिंग, टायर्ड. जे चाललंय किंवा जे दुसऱ्याला तसं करतं, ते 'इंग'वालं. जे होऊन गेलं किंवा ज्याच्यावर झालं, ते दुसरं. ब्रोकन, रिटन, स्पोकन, गॉन हे मात्र घोकावे लागले. "इनका कोई क़ायदा नहीं," मॅडम म्हणायच्या, "ये बिगड़े हुए बच्चे हैं." परतीच्या टेम्पोत यमुना पाट्या वाचायची. छावणीत तर अशा शब्दांचं रानच होतं. रिस्ट्रिक्टेड, रिझर्व्ह्ड, मॅरीड, रिटायर्ड. आजवर नुसत्या खुणा होत्या, आता त्या बोलायला लागल्या.

एका दुपारी बाकीच्या मुली गेल्यावर तिनं मॅडमना विचारलं, "मैडम, सेपरेटेड मतलब झगड़ा करके अलग हुए, ना? हमारे गेट पर लिखा है. सब औरतें हँसती हैं."

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. "अलग हुए भी हो सकता है, अलग किए गए भी. आपके गेट पर दूसरा वाला है."

टेम्पोत बसल्यावर यमुनानं मनात मराठी करून पाहिलं. वेगळी राहणारी माणसं, असंच ती आजवर समजत आली होती. तसं नव्हतं. वेगळी केलेली माणसं. कुणी केलेली, ते त्या शब्दात कुठंच नव्हतं. पूल गेला, हजरतगंज गेलं, तरी ती त्याच शब्दाशी बसून राहिली.

उन्हाळ्यात जगदीशची रजा मंजूर झाली. यमुना अमीनाबादला जाऊन नवी चादर घेऊन आली, मोरपंखी काठाची. गावाहून सासूनं शेंगदाणे पाठवले होते, त्यांची चटणी कुटून ठेवली. घर झाडलं, पुसलं. दीप्तीनं दारावर स्वागताचा कागद लावला, हिंदीत. मग रविवार आला आणि फोन आला.

"मंजूर झालेली रजा थांबवलीय गं," जगदीश म्हणाला. "सगळ्यांचीच."

"बरं."

"रागावलीस?"

"नाही."

"दीप्ती कशी आहे?"

"उंच झालीय. माझ्या खांद्याला लागती."

"आणि तू?"

यमुनानं रिसीव्हर आणखी दाबून धरला. बूथबाहेर दोन जवान वाट पाहत उभे होते. स्वेटरचं सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं. "मी इंग्रजीच्या क्लासला जाते," ती म्हणाली.

"इंग्रजी? कशाला गं?"

"आल्यावर सांगते."

तो हसला. त्याचं हसू तिला नीट ऐकूही आलं नाही, लाइन तुटली. चादर तिनं घडी करून पेटीत ठेवली.

पावसाळा सरता सरता एका दुपारी वसाहतीच्या ऑफिसातला शिपाई तिला बोलवायला आला. ती ओल्या हातानंच गेली. आत एक तरुण कॅप्टन उभा होता, हातात संदेशाचा कागद. त्याला तिला काय आणि कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. "बहनजी, बैठिए. घबराने की बात नहीं..." असं म्हणून तो थांबला आणि फोनवर कुणालातरी इंग्रजीत कागद वाचून दाखवायला लागला. हिला काय कळणार, असंच त्याला वाटलं असावं.

रस्ता मोकळा करणाऱ्या तुकडीजवळ स्फोट झाला होता. यमुनाला सगळे शब्द कळले नाहीत. कळले ते एवढेच: इन्जर्ड. इव्हॅक्युएटेड. ॲडमिटेड. सगळे होऊन गेलेले. जखमी झालेला. उचलून नेलेला. दाखल केलेला. ती इथं भांडी घासत होती तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. त्यातला एकही शब्द आत्ताचा नव्हता. आत्ता तो काय करतोय, हे त्या कागदावर कुणीच लिहिलं नव्हतं.

"सर," ती म्हणाली. कॅप्टननं वळून पाहिलं. "सर, इज ही स्पीकिंग?"

कॅप्टनच्या हातातला फोन तसाच राहिला. मग तो घाईघाईनं म्हणाला, "वन मिनिट, मॅम. आय विल फाइंड आउट." त्यानं दुसरा नंबर लावला, मग तिसरा. पंजाबी भाभी येऊन यमुनाच्या पाठीवर हात ठेवून बसली. शाळा सुटून दीप्ती दारात येऊन उभी राहिली, तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. दुपार कलली तेव्हा कुठं लाइन लागली. कॅप्टन बराच वेळ ऐकत राहिला आणि फोन ठेवून तिच्यासमोर आला.

"यस, मॅम. ही इज स्पीकिंग. बातें कर रहे हैं. लेकिन..." शब्द सापडेना म्हणून त्यानं आपल्या कानाला बोट लावलं.

महिन्याभरानं जगदीशला लखनौच्या लष्करी रुग्णालयात आणलं. यमुना आणि दीप्ती वॉर्डात शिरल्या तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. गालावर बारीक बारीक खपल्या, डाव्या हाताला पट्टी. त्यानं दोघींना पाहिलं आणि "आलीस का?" असं इतक्या मोठ्यानं ओरडला की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. दीप्ती आईच्या मागं सरकली. यमुनाला वाटलं, हा दुसराच कुणीतरी माणूस आहे.

उजवा कान गेला होता. डाव्यानं अगदी जवळून, मोठ्यानं बोललं तर थोडं कळायचं. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, म्हणून तो ओरडत होता. डॉक्टर म्हणाले, आणखी सुधारेल असं सांगता येत नाही.

ती रोज दुपारी त्याच्याजवळ जाऊन बसायची. साठवलेलं सगळं बोलायची वेळ आली होती. ती त्याच्या डाव्या कानाशी वाकून सुरू करायची.

"काय?" तो विचारायचा. "काय म्हणालीस?"

ती पुन्हा सांगायची, आणखी मोठ्यानं. दीप्तीचे मार्क सांगितले. मॅडमचं आणि दुधाचं सांगितलं, तेव्हा तो खदखदून हसला आणि शेजारच्या खाटेवरचा जवानही हसला, कारण त्यालाही सगळं ऐकू गेलं होतं. पण स्वेटरचं ओरडून कसं सांगणार? तसलं पुष्कळ काही होतं. ते हळू सांगायचंच होतं, हळू ऐकणाऱ्याला. दोन-तीनदा ती वाकली आणि नुसतीच त्याचं पांघरूण नीट करून परत बसली. पुढं घरी आल्यावरही ते राहूनच गेलं. त्या हिवाळ्यात त्यानं स्वेटर स्वतःच खुंटीवरून काढून घातला, आणि मग तो धुवावाच लागला.

फौजेनं जगदीशला लखनौच्याच एका भांडारात बसायचं काम दिलं आणि कुटुंबासाठी साधं क्वार्टर मिळालं. बालवाडीची जागा अजून भरली नव्हती. मुलाखतीला यमुनासोबत आणखी दोघीजणी होत्या, दोघीही तिच्याहून चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या. मुख्याध्यापिकांनी सगळ्यांना एकच चित्र दाखवलं: खाली पडून फुटलेली पाटी आणि शेजारी एक मूल. काय दिसतं ते सांगा.

"द स्लेट इज ब्रोकन," यमुना म्हणाली. "द चाइल्ड इज क्राइंग."

"गुड. व्हॉट विल यू डू फर्स्ट?"

"फर्स्ट द चाइल्ड," यमुना लगेच म्हणाली. पुढचं तिला इंग्रजीत येईना, म्हणून हिंदीत म्हणाली, "पाटी तो टूट चुकी, मैडम. बच्चा अभी रो रहा है."

तिला घेतलं. हे सांगायला ती निशातगंजला गेली तेव्हा चंद्रप्रभा मॅडमनी तिला तख्तावर आपल्या शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हातानं चहा करून दिला.

घरात मात्र एक निराळीच गोष्ट घडत होती, आणि ती आधी दीप्तीच्या लक्षात आली. जगदीश आता माणसांच्या तोंडाकडं बघून बोलणं ओळखायला लागला होता. हिंदी बोललं की त्याचा गोंधळ व्हायचा. सतरा-अठरा वर्षं फौजेत हिंदी बोललेला माणूस, पण ओठांवरून ती त्याला उमगत नव्हती. मराठी मात्र उमगायची. लहानपणापासून त्यानं तीच तोंडं पाहिलेली.

"पप्पा, पानी चाहिए?"

"काय?"

"पानी! पानी चाहिए क्या?"

"काय म्हणतेस, मला कळंना!" तो चिडला. चिडला की आवाज गल्लीत जायचा.

दीप्ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि अडखळत म्हणाली, "पप्पा... पाणी... पाहिजे?"

"हां. दे की."

त्यानंतर ती बोलायलाच लागली. चुकत-माकत, हिंदी मराठीच्या साच्यात कोंबत. "मी शाळा गेली." "पप्पा, तू थकेलेला आहे?"

"दमलेले आहात का, असं म्हण," यमुना चुलीपासून सांगायची. "आणि पप्पांना तुम्ही."

इतकी वर्षं जे कानांवर पडावं म्हणून तिचा जीव तळमळत होता, ते आता घरात सकाळ-संध्याकाळ चाललेलं असायचं. ती ऐकत राहायची. तरी कधी कधी, सदर बाजारातून भाजी घेऊन येताना, हरिहरजींच्या बूथसमोर तिची पावलं मंद व्हायची. आत कुणीतरी अनोळखी बाई फोन कानाला लावून उभी असायची. यमुनाला तिचा हेवा वाटायचा. मग स्वतःचंच नवल वाटायचं, कारण तिचा माणूस तर घरी आलेला होता, दारात खुर्ची टाकून बसलेला होता, आणि आता तिला लांबून बघताच "जेवलीस का?" असं सगळ्या गल्लीला विचारणार होता.

१९९७च्या डिसेंबरातली एक सुट्टीची सकाळ. तिघंही अंगणात उन्हाला बसली होती. जगदीश बुटांना पॉलिश करत होता, यमुना बालवाडीतल्या मुलांसाठी चित्रं कापत होती. दीप्तीची मैत्रीण नेत्रा त्याच आठवड्यात वडिलांच्या बदलीमुळं पठाणकोटला गेली होती. पोरगी बापासमोर उकिडवी बसून म्हणाली, "पप्पा, मला नेत्राची याद येते. याद आना, मराठीत काय म्हणतात?"

जगदीशनं तिच्या ओठांकडं पाहिलं. "परत म्हण."

तिनं परत म्हटलं.

"आठवण," यमुनानं सांगितलं.

जगदीशला ते ऐकू गेलं नव्हतं. तो ब्रश खाली ठेवून विचार करत होता. "आमच्यात सय म्हणतात," तो म्हणाला. भिंतीपलीकडच्या शेजारणीनं डोकावून पाहिलं. "सय येती. माझी आई म्हणायची."

"सय," दीप्ती म्हणाली. "सय होते की येते?"

"येते."

तिनं तो शब्द दोन-चारदा घोळवला. मग कात्री चालवणाऱ्या आईकडं वळली. "आई, तुला येते? कुणाची?"

यमुनानं जगदीशकडं पाहिलं. त्यानं दुसरा बूट उचलला होता आणि त्याची टाच उन्हात धरून बघत होता.

"येते की," ती हळूच म्हणाली, आणि पुढचं चित्र कापायला घेतलं.